सावलीतून नेलेला पाईप

पाईपाला कान लावून पाण्याची खबर सांगणारा माणूस मी एकच बघितला, ते म्हणजे माझे बापू. हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं अर्धा तास आत आलं की आमचं गाव लागतं. गावात शिरताना डाव्या हाताला पाण्याची टाकी आहे आणि बापू त्या टाकीचे वॉलमन. कंबरेइतकी उंच लोखंडी चावी वॉलवर बसवायची, दोन फेरे द्यायचे, मग चावीच्या दांड्याला कान टेकून डोळे मिटायचे. "मारुतीपाशी आलं," बापू म्हणायचे. मग जरा थांबून, "शाळंच्या वळणावर हवा अडकली." आणि खरोखरच शाळेजवळचा नळ त्या वेळी म्हाताऱ्यासारखा खोकत असायचा. पाणी पाचव्या दिवशी यायचं. आधी बैलानं नाक फुरफुरावं तसा आवाज, मग खोकला, मग गढूळ पिचकारी आणि मग धार. त्या धारेखाली पहिली घागर लागली की गल्लीभर भांड्यांचा जो गलका उठायचा, तो माझ्या लहानपणाचा खरा आवाज. देवळातली घंटा वगैरे नंतर.

हे मी तिशीच्या अलीकडे लिहिते आहे. आत्मचरित्र म्हातारपणी लिहावं असं म्हणतात. म्हाताऱ्यांचं सगळ्यांना माफ करून झालेलं असतं. माझं अजून व्हायचं आहे, म्हणून आत्ताच लिहिते.

वॉलमनच्या घरची घागर गावात सगळ्यांत शेवटी भरायची, हा बापूंचा कायदा. आमच्या गल्लीचा वॉल ते शेवटी सोडायचे आणि तोवर टाकीत जे उरलं असेल ते आमचं. कुणी म्हणू नये की वॉलमननं आधी आपलं घर भरलं. या प्रामाणिकपणाची किंमत मायच्या कमरेनं मोजली, पण बापूंच्या तोंडून त्याबद्दल शब्द निघाला नाही. बायांचे कष्ट पुरुषांच्या प्रामाणिकपणात असेच धरलेले असतात. माय भाजी धुतलेलं पाणी म्हशीला दाखवायची, म्हशीनं ठेवलेलं कढीपत्त्याला घालायची. जेवून हात धुवायचे ते कढीपत्त्याच्याच बुडाशी. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी खाल्लेले आमच्या घरातले सगळे हात त्या झाडानं प्यायले, म्हणून त्याच्या पानाला वेगळा वास होता असं मला अजून वाटतं. पाणी आमच्याकडे सांडायचं नाही. कुणाच्या हातून तांब्या लवंडला तर माय ओरडायचीसुद्धा नाही. नुसती त्या ओल्या जमिनीकडे बघत राहायची, आणि ते बघणं मारापेक्षा वाईट होतं.

बापूंची विद्या एका नियमात मावायची. उन्हाळ्यात आमच्याकडे उन्हात पडलेल्या काळ्या पाईपातून पहिलं येणारं पाणी हाताला चटका देतं, आणि दोन उन्हाळ्यांत तो पाईप तडकतो. म्हणून बापू म्हणायचे, "पाणी म्हंजे जनावर. उन्हात बांधलं का त्याचं डोकं फिरतंय. त्याला सावलीनं न्यावं, भिताडाच्या उत्तर अंगानं न्यावं, अन् बाहेरून न्यावं. बाहेरून नेलं तर गळती दिसती. आतून नेलं तर घर खचल्यावर कळतंय." हे मला सात वर्षांची असल्यापासून पाठ होतं. माधवला बारा वर्षांचा झाल्यावरसुद्धा नीट येत नव्हतं.

माधव माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी लहान. बारा वर्षांचा झाला त्या दिवाळीत बापूंनी पाईप पाना त्याच्या हातात दिला. मी चौदाची होते आणि त्या पान्याचा प्रत्येक दात मला ओळखत होता, कारण तो पुसून ठेवायचं काम माझं होतं. "पोरीच्या जातीनं खड्ड्यात उतरू न्हाई, बाई," एवढंच बापू म्हणाले, तेही प्रेमानं. अन्याय प्रेमानं केला की त्याच्याविरुद्ध पत्रक काढता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यानंतर आमची वाटणी ठरली. पाईपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावायचा मी, आणि पाना फिरवून जोड आवळायचा माधवनं. जोड गळला नाही की बापू म्हणायचे, "वा रे पठ्ठ्या!" जोड गळत नाही तो सुतामुळे, पान्यामुळे नव्हे. हे बापूंनाही माहीत होतं. मी खड्ड्याच्या काठावर सफेद्यानं पांढरी झालेली बोटं घेऊन बसायची आणि मनात त्या पठ्ठ्याला खड्ड्यात पुरायची.

मग माधव आयटीआयला गेला आणि मी हिंगोलीला कॉलेजात जाऊन पाणी हक्काच्या संघटनेत शिरले. तिथं मला माझा पाना सापडला. आमचे सर म्हणायचे, पत्रक म्हणजे तीन ओळी राग आणि चौथ्या ओळीत मागणी. मला राग शिकवावा लागला नाही. गुलाबी, स्वस्त, बोटाला रंग लागणाऱ्या कागदावर माझे शब्द छापून यायचे आणि गोरेगावच्या बाजारात शेंगदाणे बांधायला वापरले जायचे. पण माणसं शेंगदाणे खाऊन झाल्यावर वाचायची. त्याच सुमारास माधव एका ठेकेदाराच्या टोळीत लडाखला गेला. डोंगरात मुलांचं एक वसतिगृह बांधायचं होतं, त्याचे नळ जोडायला. आणि आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही.

बापूंचा प्रवास नांदेडच्या पुढे झालेला नव्हता, पण आता ते चहाच्या टपरीवर लडाख सांगायचे. "तिथं पाईप पुरुषभर खोल पुरतेत. आपल्यासारखं वीतभर न्हाई. काहून? तर जमीन बी गोठती! वरून काचेचा कापूस गुंडाळतेत पाईपाला, लेकराला दुपटं गुंडाळावं तसं." लोक तोंड उघडं टाकून ऐकायचे. मी त्याच टपरीवर पत्रकं वाटायची. लोक माझ्या हातून कागद घ्यायचे, घडी घालायचे आणि परत बापूंकडे वळून विचारायचे, "मंग पुढं?"

पुढचं माधव व्हिडिओवर दाखवायचा. दर रविवारी सकाळी माय फोन उतरंडीला टेकवून ठेवायची आणि शेजारपाजारचे सगळे अंगणात जमायचे. बर्फ मी आजवर कुल्फीच्या गाडीवर पाहिलेला. माधवच्या फोनमध्ये तो डोंगरभर होता, छपरावर होता, माधवच्या मिशीवर होता. माझ्या धाकट्या भावाच्या मिशीवर बर्फ, आणि माझ्या बोटांना गुलाबी रंग.

वसतिगृह बांधून झालं, टोळी खाली उतरली, पण हिवाळाभर नळांची देखभाल करायला उस्तादांनी माधवला ठेवून घेतलं. उस्ताद म्हणजे त्यांचा मुख्य मिस्त्री. हिवाळा नीट काढला की माधव कायमचा कामावर राहणार होता. बापूंनी ही गोष्ट पार नरसी गावापर्यंत पोचवली. त्या डिसेंबरातल्या एका रविवारी माधवनं वसतिगृहाच्या बाहेरच्या भिंतीवरचा एक नळ दाखवला. नळाची बारीक धार चालू होती आणि खाली, जिथं ती पडत होती तिथं, बर्फाचा पांढरा खांब उभा राहिला होता, गुडघ्याएवढा.

"हा नळ बंदच करायचा न्हाई," माधव हसत म्हणाला. "उस्तादाचा हुकूम हाय. रात्रंदिवस अशीच धार. वाहतं पाणी गोठत न्हाई."

अंगणात सगळे "अगं माय!" म्हणाले. बापूंचे डोळे ओले झाले होते. एका नळाच्या खांबाला बघून! मी गावात जन्मभर सूत गुंडाळलं, मला कुणी "अगं माय" म्हटलं नाही.

"रात्रंदिवस?" मी म्हणाले. "अन् हितं माय पाचव्या दिवशी घागर घेऊन शेवटी उभी राहती. लाज न्हाई वाटत रे?"

माधवचं हसू गेलं. "ताई, तिथलं पाणी येगळं..."

"पाणी येगळं नसतंय. माणसं येगळी होतेत."

वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्याचा मोह मला तेव्हाही आवरत नव्हता. त्या आठवड्यात तालुक्यातल्या गळक्या, उघड्या टाकलेल्या नळांवर पत्रक काढायचं होतं. ते मी लिहिलं, आणि शेवटी घातलं: "याच मातीतला एक पोरगा दूर बर्फात रात्रंदिवस नळ सोडून ठेवतो आणि गाव त्याचं कौतुक करतं. ज्यांच्या माया पाचव्या दिवशी घागर भरतात, त्यांना हे कौतुक कसं गिळवतं? लाज कोणाला?" सरांनी विचारलं, हे शेवटचं कोणाबद्दल? मी म्हणाले, प्रातिनिधिक आहे.

चार दिवसांनी बापू बाजारातून आले. धोतराच्या सोग्यातून घडी घातलेला गुलाबी कागद काढला. माय भाकरी थापत होती, मी चुलीपुढे बसले होते.

"हे पोरगं कोणचं गं, बाई?"

"प्रातिनिधिक हाय, बापू."

"काय हाय?"

"म्हंजे... कोणचं बी."

बापूंनी कागद परत घडी करून ठेवला. "कोणचं बी पोरगं बर्फात न्हाई राहत," ते म्हणाले. मग जेवले. जेवल्यावर कढीपत्त्यापाशी हात धुतले आणि तिथंच उभ्यानं माधवला फोन लावला. "लेकरा, ती धार बंद करत जा बाबा. लोक बोलून राहिले. ...व्हय, उस्ताद म्हणत असंल. पण पाण्याचं पाप लई वाईट. झोपताना तरी बंद करत जा."

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते. बापू पहिल्यांदा माधवला रागावत होते, आणि माझ्या कागदावरून रागावत होते. तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती, मी ती निखाऱ्यावर उलटली आणि मला गाणं म्हणावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी फोन आला, त्यानंतरच्या रविवारी नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हळद शिजवायला निघाली तेव्हा माधव स्वतःच आला, हिंगोलीहून दुपारच्या जीपनं, पाठीवर एक बोचकं. बर्फानं त्याच्या गालांची सालं निघाली होती. माय त्याचं तोंड कुरवाळत राहिली. त्यानं पाणी मागितलं, प्यायला आणि सांगितलं. नळ बंद केला त्याच्या आठव्या दिवशी पाईप फाटला होता.

"पाणी गोठताना फुगतं," तो म्हणाला. "नळ उघडा असला तर त्याला पुढं सरकायला वाट राहती. बंद केला का ते पाईपालाच फाडतं. दुपारी हवेत ऊब आली, बर्फ सुटला, अन् सगळी भिंत धो धो. तवापासून पोरं लांबच्या झऱ्यावरून डब्यानं पाणी आणून राहिलेत."

"अन् उस्ताद?" बापूंनी विचारलं.

"म्हणला, घर जा. सोच के आ, ये पाइप कहाँ से ले जाएगा. जवाब मिले तो होली से पहले आ, नहीं मिले तो मत आ."

पोरं लांबच्या झऱ्यावरून पाणी आणत होती. मी, जिच्या प्रत्येक पत्रकात डोक्यावर हंडा घेतलेली पोर असायची, मी त्या पोरांच्या हातात डबे दिले होते. आणि तरीही, तिथं ओसरीवर बसून, माधवच्या सालपटलेल्या गालाकडे बघताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? की यालाच बर्फानं शिवलं. एवढी मी वाईट होते. आज मी सभांमध्ये माणुसकीवर बोलते तेव्हा मला ही दुपार आठवते आणि मी भाषण आखूड करते.

बापूंनी मात्र सगळं आपल्या अंगावर घेतलं. "माझ्या तोंडानं लेकराचं काम गेलं," असं मायला म्हणाले, आणि नंतर बोलायचेच थांबले. पाचव्या दिवशी मी टाकीवर गेले तर ते चावी फिरवून सरळ उभे होते. कान लावला नाही. बाया ओरडत आल्या की शाळेकडे पाणी चढलं नाही, तेव्हा जाऊन हवा काढून आले. मारुतीपाशी पाणी आलं हे त्या दिवशी गावात कुणी सांगितलं नाही. ते ऐकू न आलेलं वाक्य मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या दीड एकरातल्या हळदीची पाळी होती. हळद शिजवायचा कुकर गावात पाळीपाळीनं फिरतो. मोठी लोखंडी टाकी, तिच्याखाली कपाशीच्या पऱ्हाटीचा जाळ, आणि टाकीतली वाफ पाईपातून शेजारच्या पिंपांत सोडायची. पिंपात हळद. शेतभर ओला, मातकट, उग्र वास, जो आठवडाभर केसांतून जात नाही. बापू जाळापाशी बसून पऱ्हाट्या सारत होते. जाळ पेटवायला मी न वाटलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणला होता. माधव पिंपं बघत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"माधव, ते पत्रक मी लिवलं."

"माहीत हाय. 'लाज कोणाला' तुझ्याबिगर कोण लिवतंय?"

"तुला कुठं दिसलं?"

"फोटो आला व्हता. तिथल्या पोरांना हिंदीत वाचून दाखवलं मी. म्हणलं, माझी बहीण लिवती."

मी त्याच्यावर जळत होते आणि तो त्या बर्फात माझं नाव मिरवत होता. मला रडू आलं नाही, रागच आला. चांगला भाऊ असणं ही एक प्रकारची दांडगाई आहे.

"मंग नळ बापूच्या बोलण्यावरून बंद केलास?"

"बापू म्हणले त्या दिवशी न्हाई केला. दुसऱ्या दिवशी केला." तो पिंपाकडे बघत म्हणाला. "रोज ती धार बघायचो ना, तर मायची घागर दिसायची. हातच गेला, ताई. आपला हात हाय, तो वाहत्या नळाकडं जातोच."

मी तशीच जाळापाशी गेले. "बापू, तुमच्या तोंडानं न्हाई. माझ्या कागदानं गेलं त्याचं काम. मी जळून लिवलं."

बापूंनी दोन पऱ्हाट्या आत सारल्या. "मला वाचता येतं, बाई."

"मंग सोताला काहून बोल लावून राहिले?"

"तू लिवलंस. पण तोंड माझं व्हतं." मग जरा वेळानं, "अन् नियम बी माझाच व्हता."

माधवनं चटकन मान वर केली. ती गोष्ट कुणी उच्चारली नव्हती. तो पाईप माधवनं कुठून नेला होता? सावलीनं, भिंतीच्या उत्तर अंगानं, बाहेरून. कोठीच्या खोलीत जमिनीखालून पाणी वर येत होतं, तिथून भिंतीबाहेर काढून न्हाणीपर्यंत सरळ नेलं होतं, बापूंनी शिकवलं तसं. जिथं सावली म्हणजे मरण, तिथं त्यानं सावली धरली. उस्तादांनी ते पाहिलं तोवर भिंती झाल्या होत्या, म्हणून रात्रंदिवस धार. ती धार त्या चुकीवरचं ठिगळ होती, आणि ते ठिगळ मी ओढलं.

वाफेचा पाईप शेजारी फुसफुसत होता. त्याला बारदान गुंडाळून वरून मातीनं लिंपलं होतं, दर वर्षी लिंपतात तसं, म्हणजे वाफ वाटेत थंड पडू नये. मी तो आयुष्यभर बघितला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

"बापू," मी म्हणाले, "याला आपण सावलीनं न्हाई नेत. याला जाळाजवळून नेतो."

मी गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढलं, उलटं केलं, कोरी बाजू वर. माधवच्या खिशातला पेन घेतला. "कोठी कुठं? न्हाणी कुठं? मधी काय हाय?"

"मधी सैपाकघर. तिथं शेगडी दिवसभर पेटलेली असती."

"मंग बाहेर काहून जायचं? आतून ने. कोठीतून सैपाकघरात, शेगडीच्या मागच्या भिंतीनं, तिथून न्हाणीत."

"दोन भिंती फोडाव्या लागतेत."

"फोड."

बापू वाकून बघत होते. "चार बेंड पडतेत," ते म्हणाले. आवाजात इतक्या दिवसांनी धार आली होती. "दाब मरंल."

"मरू द्या. तिथं पाणी रोज येतंय बापू, पाचव्या दिवशी न्हाई. दाब कमी चालतो. आपण दाबासाठी जगतो, ते ऊबंसाठी."

"अन् रात्री शेगडी विझल्यावर?" माधवनं विचारलं.

"झोपायच्या आधी कोठीतला वॉल बंद करून पाईप रिकामा करायचा. सगळ्यात खाली, सैपाकघरात, एक तोटी बसव."

"भरलेला पाईप रिकामा करायचा?" बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तांब्या लवंडला. "वतून द्यायचं?"

"वतायचं न्हाई. तोटीखाली पिंप ठेवायचं. सकाळी त्याच पाण्यानं भांडी. धार बी नको, फाटणं बी नको, अन् थेंब बी वाया न्हाई."

पिंपातली हळद खदखदत होती. मग बापूंनी माझ्या हातातला पेन घेतला. माझ्या रेघेवर एक तिरकी रेघ मारली. "उतार असा दे. चार हातांना एक बोट. अन् रिकामा करताना न्हाणीतला वरचा नळ उघडा ठेव, लेकरा. हवा आत गेली तरच पाणी उतरतंय. मागून हवा न्हाई तर पाणी जागचं हलत न्हाई." ती हवा. तिला कान लावून त्यांनी जन्म काढला होता. तेवढी एक गोष्ट लडाखातही सुलटीच निघाली.

ते "लेकरा" माधवला होतं. मी ऐकलं.

माधव तो कागद खिशात घालून होळीच्या आत गेला. एका रविवारी फोन उतरंडीला टेकला आणि सैपाकघर दिसलं. शेगडीमागून गेलेला पाईप, काचेच्या कापसाच्या दुपट्यात. खाली तोटी, तोटीखाली निळं पिंप. नळ बंद. उस्तादांनी माधवला ठेवून घेतलं होतं. बाहेरच्या नळाखालचा खांब वितळून गेला होता, पण ते कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्याच्या बाजारात मी टपरीवर पत्रकं वाटत होते. बापू बाकड्यावर होते, भोवती माणसं. "माधवनं डोकं लावलं," बापू सांगत होते. "म्हणला, बापू, तुमचा नियम हितं उलटा करावा लागतो. बाहेरून न्हाई, आतून! चार बेंड पडले तरी चालतंय." कुणीतरी म्हणालं, "वा रे पठ्ठ्या!" बापूंची आणि माझी नजर झाली. त्यांच्या डोळ्यांत मिनिटभर काहीतरी हललं, पाईपात हवा हलावी तसं. मग त्यांनी चहाचा कप उचलला. तीन ओळी राग माझ्या तोंडात तयार होता, चौथ्या ओळीत मागणीसुद्धा. मी एक एक कागद वाटत बाकड्याच्या शेवटापर्यंत गेले. माझ्या आयुष्यातलं न छापलेलं तेवढं एक पत्रक. त्याला पुण्य वगैरे म्हणू नका. ते प्रायश्चित्त होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. बापूंनी चावी बसवली, फेरे दिले, कान टेकला. "मारुतीपाशी आलं," ते म्हणाले. मी ऐकून घरी परतले.

गेल्या दिवाळीत माधवनं तिथल्या सैपाकघराचा नवा फोटो पाठवला. शेगडीवरच्या भिंतीला माझा कागद खिळ्यानं ठोकलेला आहे. दर वर्षी नवीन येणाऱ्या पोराला पाईपाचा रस्ता कळावा म्हणून उस्तादांनी लावायला सांगितला म्हणे. रेघांची बाजू वर. "लाज कोणाला" भिंतीकडे तोंड करून. वाफेनं तो पिवळा पडला आहे, बापूंच्या तिरक्या रेघेची शाई पसरली आहे, आणि त्याच्या बाजूच्या खिडकीतून पांढरा डोंगर दिसतो. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. त्या कागदानं किती हिवाळे बर्फ बघितला. मी अजून नाही.